छान आहे, पण पुसायचं कसं?

मराठी माणसाला टीका करायला शिकवावं लागत नाही. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता तो दिग्दर्शकाची हजेरी घेतो, गवयाची सम हुकली की शेजाऱ्याकडे बघून डोळे मिचकावतो आणि लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यावरचं त्याचं भाष्य तर वऱ्हाड घरी पोचेपर्यंत चालू असतं. पण याच माणसासमोर कुणी घरी, स्वतःच्या हाताने केलेली वस्तू आणून ठेवली, की त्याची सगळी समीक्षा कोमट पाण्यातल्या साखरेसारखी विरघळून जाते.

अशा वेळी बोलायची वाक्यं ठरलेली आहेत. एकूण पाच. पहिलं, 'छान आहे!' दुसरं, 'वेळ बरा जात असेल, नाही?' तिसरं, 'विकत का नाही देत?' (आणि किंमत ऐकल्यावर, 'एवढ्यात बाजारात तीन येतील!') चौथं, 'आमची धाकटीसुद्धा करते असलंच काहीतरी.' आणि पाचवं, वस्तूला चारी बाजूंनी बोट लावून झाल्यावर, 'पण हे पुसायचं कसं?'

या पाच वाक्यांवर आपल्याकडे विणकाम, भरतकाम, मातकाम, कागदकाम आणि काथ्याकाम एवढ्या कला वर्षानुवर्षं जगल्या आहेत. जगल्या म्हणजे काय, कुणी मारलं नाही म्हणून राहिल्या. करणाऱ्या माणसाला वाटत असतं, कुणीतरी नीट बघावं, इथे जमलंय म्हणावं, तिथे फसलंय म्हणावं. ते कुणी म्हणत नाही. 'छान' म्हणतात आणि चहाच्या कपाकडे वळतात. म्हणून मी आज एका घरगुती कलेची रीतसर, नाटकाची करावी तशी समीक्षा करायला बसलो आहे. कला आहे रंगीत काचांचे मोबाईल करण्याची आणि कलावंत आहेत आमच्या वहिनी.

आता 'मोबाईल' या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण सोसायटीतही सगळे तिथेच थांबले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर वहिनींनी मागच्या गॅलरीत टेबल टाकलं, दिवा लावला आणि 'मी आता काचेचे मोबाईल करते' असं खाली बागेत जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका तडा गेलेला फोन घेऊन दारात हजर! 'काचेचंच काम करता ना? ही तेवढी बदलून द्या.' वहिनींनी त्यांना आत नेऊन छताला टांगलेले तीन रंगीत मासे दाखवले. काकांनी माशांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि म्हणाले, 'छान आहे.'

वास्तविक या शब्दावर पहिला हक्क माशांचाच आहे. अलेक्झांडर काल्डर नावाचा अमेरिकन शिल्पकार पॅरिसमध्ये तारा आणि पत्रे घेऊन हलती शिल्पं करत असे. १९३१ साली मार्सेल द्युशाँने ती पाहून त्यांना 'मोबाईल' हे नाव सुचवलं. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचे दोन अर्थ होतात, हलणारं आणि हेतू. आपल्या खिशातल्या यंत्राला ते नाव मिळायला अजून बरीच दशकं होती. काल्डर शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. सुरुवातीला त्याने काही शिल्पं मोटर लावून फिरवली, मग मोटर काढून टाकली आणि ते काम वाऱ्यावर सोपवलं. १९५५च्या जानेवारीत गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादेत येऊन राहिला होता आणि तिथेही त्याने शिल्पं केली. म्हणजे ही कला आपल्या अंगणापर्यंत येऊन गेलेली आहे. आपण तेव्हाही बहुधा 'छान' म्हणालो असू.

पण वहिनींच्या मोबाईलची दुसरी बाजू, म्हणजे रंगीत काचेची, याहून फार जुनी. पॅरिसचं सँत शापेल १२४८ सालचं. तिथे भिंती नावालाच आहेत, बाकी सगळी काच. आपल्याकडे मुंबईत विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर आहे, १८७८ साली पुरा झालेला. त्याच्या रंगीत खिडक्यांखालून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी निकालाच्या चिंतेत मान खाली घालून गेले. या खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. दारावरच्या पाट्यांसारख्या मोठ्या कामाला ते ठीक. घरच्या टेबलावर लहान काम करायचं तर दुसरी रीत आहे. तिला टिफनीची रीत म्हणतात.

ती रीत मी वहिनींच्या मागे उभा राहून पाहिलेली आहे. आधी कागदावर चित्र काढायचं, त्याचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा काचेवर ठेवून आखायचा. मग काच कापायची. 'कापायची' म्हणजे खरं तर चरा पाडून मोडायची. पूर्वी काचवाल्याकडे हिरकणी असायची, आता पेन्सिलीसारख्या दांडीच्या टोकाला कार्बाईडचं इवलंसं चाक असतं. ते एकदाच, एका दाबाने ओढायचं. कर्र असा आवाज आला पाहिजे. मग दोन्ही हातांनी धरून टक् करून मोडायचं. काच शहाणी असेल तर चऱ्यावर मोडते. नसेल तर तिला हवी तिथे मोडते आणि वहिनी म्हणतात, 'वाढली!' आपल्याकडे बांगडी कधी फुटत नाही, ती वाढवते किंवा वाढते. त्यामुळे वहिनींच्या स्टुडिओत दररोज भरभराट चालू असते.

मग कडा पाणी सोडत सोडत घासायच्या, प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती तांब्याची पातळ चिकटपट्टी गुंडाळायची, तुकडे शेजारी मांडायचे आणि सांध्यांवर डाक द्यायचा. त्यासाठी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे असते ती तापती दांडी आणि साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं अशी तार. काचेला डाक धरत नाही, तांब्याला धरतो. म्हणून ती पट्टी. एवढी साधी युक्ती, पण तिच्या जोरावर टिफनीच्या कारखान्यातले ते प्रसिद्ध दिवे झाले. त्यातले कितीतरी, चतुर माशीचे आणि विस्टेरियाच्या घोसांचे, क्लारा ड्रिस्कॉल नावाच्या बाईंनी योजलेले होते. कारखान्यातल्या स्त्रियांच्या विभागाच्या त्या प्रमुख. दिव्यांवर नाव मालकाचं. बाईंची पत्रं हाती लागली तेव्हा कुठे अभ्यासकांना हे कळलं आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाने प्रदर्शन भरलं. 'वेळ बरा जात असेल, नाही?' असं त्यांनाही कुणी विचारलं असेल का, कोण जाणे.

आता समीक्षेला सुरुवात. माझं पहिलं म्हणणं असं, की काचेचा मोबाईल हे एक अवघड लग्न आहे. वधूपक्ष खिडकीचा. घराणं जुनं, देवाधर्माचं, एका जागी बसून राहणारं. वजन भारी, मागून उजेड आला तरच चेहरा खुलणार. वरपक्ष वाऱ्याचा. हलका, फिरता, पाय घरात न ठरणारा. यांची पत्रिका जुळते कशी? वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'भावजी, तुमच्या दादांची आणि माझीसुद्धा नव्हती जुळत.' मुद्दा निरुत्तर करणारा होता. पण लग्न टिकवायला दोन्हीकडून काय करावं लागतं, ते पाहिलं पाहिजे. तीन गोष्टी: तोल, सांधा आणि उजेड.

तोलापासून सुरुवात करू. तीन मिलिमीटर जाडीची, दहा सेंटिमीटर चौरस काच सुमारे पंचाहत्तर ग्रॅम भरते, डाक वेगळा. तेवढाच एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सत्तावीस ग्रॅम. काल्डर पत्रा वापरत असे, त्याची पानं झुळुकीने हलत. काचेचं पान हलायला वारा थोडा जास्त लागतो आणि तोल अगदी काटेकोर लागतो. तो साधायची रीत वाण्याच्या तराजूचीच. दीडशे ग्रॅमचा पोपट आणि पन्नास ग्रॅमचं पान वीस सेंटिमीटरच्या दांडीला टांगायचं, तर दोरी पोपटापासून पाच आणि पानापासून पंधरा सेंटिमीटरवर बांधायची. मोबाईल नेहमी खालून वर जुळवत न्यायचा. सगळ्यांत खालची दांडी आधी तोलायची, मग ती अख्खी दांडी म्हणजे एक वजन समजून तिच्या वरची. वरून सुरुवात केली तर माणूस वेडा होतो.

या बाबतीत वहिनींचं पहिलं काम, म्हणजे ते तीन मासे, मी नापास करतो. एका दांडीला एकसारखे तीन मासे समान अंतरावर टांगलेले. तोल आहे, पण तो वाळत घातलेल्या सुकटाचा. काल्डरच्या कामात एका टोकाला एक मोठा पत्रा आणि दुसऱ्या टोकाला दूरवर पाच चिमुकले, आणि तरी दांडी स्थिर. त्यात बघणाऱ्याचा जीव किंचित टांगणीला लागतो. सारखंच सारख्याशी तोललं तर लागत नाही. वहिनींनी हे ऐकून घेतलं आणि पुढच्या कामात एका बाजूला मोठं निळं पान आणि दुसऱ्या बाजूला, लांबच्या टोकाला, वाटाण्याएवढा तांबडा मणी टांगला. तो मणी म्हणजे निव्वळ पासंग. पण सगळ्या कामात नजर आधी जाते ती त्याच्यावर.

तोलाचा आपल्याकडचा खरा शत्रू मात्र छताचा पंखा. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'मोबाईल खोलीतल्या हवेच्या मंद हालचालीने फिरतो.' आपल्या खोलीत हवेची हालचाल दोनच प्रकारची. एक, वीज गेलेली. दोन, पंखा पाचवर. पहिल्या प्रकारात मोबाईल हलत नाही, दुसऱ्या प्रकारात मासे एकमेकांच्या कानशिलात मारतात. दिवाणखान्यात टांगलेल्या पहिल्या कामातल्या एका माशाची शेपटी अशीच 'वाढली'. तेव्हा जागा पंख्यापासून दूर, खिडकीजवळ. तुकडे एकमेकांना पोचणार नाहीत एवढ्या लांब दांड्या. आणि दोरीला पीळ बसू नये म्हणून वर मासे धरायच्या गळाला लावतात ती फिरकी. माशाला गळाची फिरकी लावताना वहिनींना जरा वाईट वाटलं, पण लावली.

दुसरी गोष्ट सांधा. ही समीक्षेत कुणी बघत नाही, कारण चांगला सांधा दिसत नाही. टांगायची कडी नेमकी कुठे डाकलेली आहे, ते मी प्रत्येक कामात पाहतो. पुष्कळ हौशी लोक ती काचेच्या मोकळ्या कडेवर, मधोमध डाकतात, कारण तिथे ती शोभते. पण तिथे तांब्याची पट्टी काचेला फक्त गोंदाने धरलेली असते. वजन लटकलं की दिवसेंदिवस ती सुटत जाते आणि एके दिवशी कडी आणि पट्टी छताला, पोपट जमिनीला. कडी डाकायची ती दोन तुकड्यांच्या सांध्याच्या टोकाशी, म्हणजे ओढ सगळ्या सांध्यावर वाटली जाते. वहिनींच्या कामात कड्या सांध्यांवरच आहेत. एक्केचाळीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे तारण तपासलेल्या बाई; कुठली गोष्ट कशाच्या भरवशावर लटकते आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. या विषयात पूर्ण गुण.

तिसरी गोष्ट उजेड, आणि माझं खरं भांडण इथे आहे. भांडण पोपटाशी.

घरगुती रंगीत काचेत पोपट, फुलपाखरू, कमळ आणि गणपती या चौघांनी मक्ता घेतलेला आहे. यांपैकी कुणाशी माझं व्यक्तिगत वैर नाही. पण होतं काय, की करणाऱ्याचं आणि बघणाऱ्याचं सगळं लक्ष पोपट पोपटासारखा दिसतो की नाही याकडे जातं. चोच बाकदार आली का? डोळा बसला का? पोपट काढायचाच तर कागद आणि हिरवी कांडी पुरे. काचेला जे येतं आणि कागदाला येत नाही, ते एकच: उजेडाला आरपार जाऊ देऊन त्याला रंग लावून पुढे पाठवणं. आणि काच टांगली, फिरती ठेवली, की तो रंग भिंतीवर फिरतो. काच उन्हाला समोरासमोर आली की भिंतीवर रुंद डाग पडतो. वळली की तो बारीक होत होत रेघ होतो, नाहीसा होतो, पुन्हा उमलतो. खिडकीतल्या स्थिर काचेला हे येत नाही, काल्डरच्या पत्र्यालाही येत नाही. त्या अवघड लग्नाचं हेच अपत्य. मोबाईल छताला असतो, पण बघायचं ते भिंतीवर.

आणि भिंतीवर पोपट पोचत नाही! सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो. तो टिंब नाही, थाळी आहे. म्हणून त्याच्या उन्हातली प्रत्येक सावली काठाला पुसट असते. काच भिंतीपासून दोन मीटरवर असेल तर भिंतीवरच्या रंगाची प्रत्येक कड जवळजवळ दोन सेंटिमीटर धूसर होते. पोपटाचा तो जिवापाड बसवलेला पाच मिलिमीटरचा डोळा, ती बाकदार चोच, पायाची नखं, सगळं वाटेतच विरतं. पोचतं काय? मोठे, साधे, निर्भेळ रंगाचे तुकडे. म्हणजे मेहनतीचा मोठा भाग जिथे खर्च होतो, तिथे मोबाईलला त्याचा उपयोग नाही.

काचेची निवडही इथेच चुकते. दुकानात मन मोहून जातं ते दुधट, ढगाळ, लाटालाटांच्या काचेवर. टिफनीने ती दिव्यांसाठी वापरली, कारण दिव्यात बल्ब अगदी मागे असतो आणि तो लपवायचा असतो. अशी काच उजेड स्वतःच्या पोटात ठेवते, भिंतीवर नीटसा पाठवत नाही. मोबाईलला हवी ती स्वच्छ, पारदर्शक काच. ती हातात घेतली तर गोळीच्या सरबतासारखी बाळबोध वाटते. दुकानदारही उत्साहाने दाखवत नाही. पण उन्हात धरा. वहिनींच्या दुसऱ्या काळातली कामं (मोठ्या कलावंतांचे काळ पाडतात, मी वहिनींचेही पाडले आहेत) दुधट काचेची आहेत. टांगलेली असताना देखणी, भिंत मात्र कोरी. आणि रात्री? रंगीत काच दिवसा घरातून बघायची आणि रात्री रस्त्यावरून. खोलीतला दिवा समोरून पडला की घरच्यांच्या वाट्याला काळसर ठिपके येतात. रात्री आमच्या वहिनींच्या कलेचे एकमेव रसिक म्हणजे सोसायटीचा वॉचमन. ते मात्र कधी 'छान' म्हणाले नाहीत. एकदा म्हणाले, 'बाई, ते निळं आज उलटं लागलंय.' आणि खरंच लागलं होतं.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं वाटून घ्यायचंही कारण नाही. लहानपणी आम्ही वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे जमवायचो. मेणबत्तीच्या ज्योतीवर तुकडा धरला की तो मऊ होऊन वाकतो. त्याची कडी करून दुसऱ्या कडीत अडकवायची, असं करत करत लांबलचक तोरण व्हायचं. हिरवं, तांबडं, मधेच मावशीच्या लग्नातलं सोनेरी टिकल्यांचं. बोटं भाजायची ती वेगळीच. ते दाराला टांगलं की वाऱ्याने किणकिणायचं आणि उन्हात चमकायचं. त्यात पोपट नव्हता, कमळ नव्हतं. काच होती, वारा होता, ऊन होतं. काल्डरनेही काचेचे काही मोबाईल केले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याचा १९४८ सालचा 'फिनी फिश' आहे. तारेची माशाची बाह्यरेषा आणि पोटात टांगलेले रंगीत काचांचे आणि सापडलेल्या वस्तूंचे तुकडे. त्यातली काच मासा व्हायचा आटापिटा करत नाही. ती फुटकी काच म्हणूनच सुखाने लटकते. हे बांगड्यांच्या तोरणाचंच गोत्र.

इथपर्यंतची समीक्षा म्हणजे आवडीनिवडीचा मामला. पण गेल्या वर्षी वहिनींना नात झाली आणि बारशाच्या आधी त्यांनी आपलं सगळ्यांत मोठं काम हाती घेतलं. आमच्याकडे पाळण्यावर लाकडी राघू-मैना टांगलेल्या असत, त्यांच्या जागी रंगीत काचेच्या राघू-मैना. घरात सगळ्यांना दाखवून झालं. दादा म्हणाला, 'छान आहे.' व्याही म्हणाले, 'छान आहे.' पुतणीला, म्हणजे बाळाच्या आईला, ते डोळे भरून 'छान' वाटलं. कौतुकाची अशी एकमताने पास झालेली सभा मी दुसरी पाहिली नाही.

मी म्हटलं, 'वहिनी, हे पाळण्यावर नको.'

खोली गप्प झाली. बारशाच्या तोंडावर असं बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण त्या तारेत चाळीस टक्के शिसं आहे. लहान मुलांच्या अंगात शिशाचं अमुक एवढं प्रमाण चालतं अशी निर्धोक पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल हात वर करतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. पाळण्यावरची वस्तू आज ना उद्या त्याच्या हाती येतेच. शिशाशिवायचा डाक मिळतो, महाग असतो, नीट पसरत नाही, पण मिळतो. तरी वर तीन मिलिमीटर जाडीची काच राहतेच, आणि सांधा कितीही पक्का असला तरी तान्ह्या बाळाच्या डोक्यावर काच टांगणं हे काही समीक्षेच्या कक्षेत येत नाही, ते साध्या शहाणपणाच्या कक्षेत येतं. आणि बोलतोच आहे तर बोलून टाकलं, की ज्या गॅलरीत डाक देता आणि काच घासता, तिथे कुरडया वाळत घालू नका, काम झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नका, आणि बाळ रांगायला लागलं की त्या दाराला कडी.

दादा माझ्याकडे, बँकेत खोटी सही सापडल्यावर बघतात तसं बघत होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. राघू-मैना उचलून आत घेऊन गेल्या. बारशाला पाळण्यावर कापडाच्या चिमण्या होत्या, शेजारच्या आजींनी शिवलेल्या. मला वाटलं, आपला समीक्षेचा धंदा इथे बंद झाला.

चारपाच दिवसांनी वहिनींचा फोन आला. 'भावजी, त्या पोपटाचं तुम्ही म्हणत होता ते पुन्हा सांगा. अर्धा अंश की काय ते.' मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, 'इतकी वर्षं सगळे छान म्हणाले हो. नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. नको का ते कारण देणारेही पहिलेच. बरं वाटलं.'

त्यानंतरचं काम हा वहिनींचा तिसरा काळ, आणि माझ्या मते सर्वश्रेष्ठ. राघू नाही, मैना नाही. पाच तुकडे. दोन निळे, एक पिवळा, एक हिरवा, आणि तो वाटाण्याएवढा तांबडा पासंग. सगळे पारदर्शक. पाळण्यापासून लांब, समोरच्या पश्चिमेच्या खिडकीत, उंच टांगलेलं. दुपारी साडेचारला ऊन आत येतं आणि पाळण्याच्या बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर रंगाचे पाच डाग चालायला लागतात. पसरतात, आकसतात, एकमेकांत शिरतात. निळा पिवळ्याच्या अंगावरून जातो. नात हात वर करून ते धरायला बघते. धरता येत नाहीत, तोंडात घालता येत नाहीत, वाढतही नाहीत.

दोष नाही असं नाही. हिरव्या तुकड्याची दांडी अजून दोन सेंटिमीटर लांब हवी, पिवळा उगाच जरा गोंडस कापला आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने ही कलाकृती ऊन नसल्यामुळे रजेवर असते. हे सगळं मी वहिनींना कळवलं आहे. हिरव्याची दांडी बदलली; पिवळा त्यांना तसाच आवडतो म्हणाल्या. समीक्षकाने कुठे थांबावं, हेही कलावंतानेच सांगावं लागतं.

राहता राहिला तो पाचवा प्रश्न. गेल्या महिन्यात भिंतीवरचे रंग मळकट वाटू लागले. काच बदलली नव्हती, ऊन बदललं नव्हतं. वहिनींनी स्टुलावर चढून पाहिलं तर पाचही तुकड्यांवर रस्त्याच्या धुळीचा थर. काचेवर तो डोळ्यांना दिसलाही नसता, भिंतीने चुगली केली. म्हणजे त्या पाच ठरीव वाक्यांत वस्तूविषयी खरं काही विचारणारं वाक्य ते एकच होतं, आणि आपण त्यालाच हसत होतो. तर पुसायचं असं: मऊ सुती फडकं, थोडं ओलं, काच एका हाताने मागून धरायची, म्हणजे कडीवर ओढ येत नाही, आणि पुसायचं ते चारच्या आधी. साडेचारला प्रेक्षक उठलेला असतो.